जाफराबाद सर

माझ्या मामाचा वाढदिवस कॅलेंडरमध्ये सापडत नाही. शाळेत नाव घालताना मास्तरांनी त्याची जन्मतारीख एक जून लिहून टाकली. त्या काळी आमच्या भागातल्या अर्ध्या पोरांचा जन्म मास्तरांनी एक जूनलाच लावून दिलेला आहे. पण माझ्या आईला पक्कं आठवतं, तिला भाऊ झाला तेव्हा ज्वारी हुरड्यात आली होती. सुईणीला बोलवायला गेलेली आईची आत्या परत येताना पदरात कोवळी कणसं घेऊन आली होती. म्हणून मामाचा वाढदिवस आमच्याकडे ज्वारी ठरवते. आई शेतात जाते, एक कणीस तळहातावर चोळते, दाणा दाताखाली धरते, आणि त्यातून दूध निघालं की घरी येऊन मला सांगते, "आज लाव त्याला फोन." पेरणी लांबली तर त्या वर्षी मामा जरा उशिरा म्हातारा होतो.

मामा राहतो आसामात, ब्रह्मपुत्रेच्या काठावरच्या एका लहान गावात. तिथल्या निवासी शाळेत त्यानं चित्रकला शिकवली, तिथंच निवृत्त झाला, आणि आता घरच्या पडवीत बसून लाकडावर चित्रं कोरतो. कोरलेल्या लाकडावर काळी शाई फासायची, वर कागद ठेवायचा, आणि चमच्याच्या पाठीनं घासत राहायचं. या कामासाठी घेतलेला मामीचा डाळीचा चमचा त्यानं कधीच परत दिलेला नाही.

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी सगळे गुलाबाची फुलं टाकतात. मामा सावल्या टाकतो. किटलीची सावली, दोरीवरच्या लुगड्याची सावली, एकदा तर नुसत्या वाफेची सावली. माझ्या चुलत भावांना वाटायचं की म्हातारपणी मामाला फोन धरता येत नाही, कॅमेरा खाली जातो. एकानं त्याला फोन करून कॅमेरा कसा धरायचा ते समजावूनही सांगितलं. मामानं सगळं ऐकून घेतलं, धन्यवाद दिले, आणि दुसऱ्या दिवशी फोन धरलेल्या स्वतःच्या हाताची सावली पाठवली.

मामाला लाल आणि हिरव्या रंगातला फरक दिसत नाही. जन्मापासून. चित्रकाराला. हे आता आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. पण एके काळी ते फक्त माझ्या आईला माहीत होतं.

जाफराबादला आजोळची शेती होती, आणि कापसाच्या कडेनं आबा मिरची लावत. आबा म्हणजे आईचे आणि मामाचे वडील. मिरची पिकली की सगळं घर तोडायला जायचं. पिकलेली लाल तेवढी तोडायची, हिरवी झाडावर ठेवायची. मामाच्या टोपलीत मात्र दोन्ही निघायच्या, आणि आबा त्याच्या पाठीत धपाटे घालायचे. ते म्हणायचे, पोराचं ध्यान कामात नाही, आभाळात आहे. आई तेव्हा परकरी पोर होती. तिनं पाहिलं की भावाचं ध्यान आभाळात बिलकुल नाही. तो एकेक मिरची बोटांनी दाबून बघतो, नाकाशी नेतो, आणि तरी चुकतो. तिनं एक लाल आणि एक हिरवी मिरची त्याच्यासमोर धरून विचारलं, यातली पिकलेली कोणती? मामा बराच वेळ बघत राहिला आणि मग रडायला लागला. रडता रडता एवढंच म्हणाला, "अक्का, कोनाला सांगू नको."

आईनं सांगितलं नाही. ती त्याच्या शेजारची ओळ धरायची आणि बांधावर पोचायच्या आत त्याची टोपली निवडून द्यायची. लग्न होऊन सासरी जाईपर्यंत तिनं हे केलं.

मामा चित्रं काढायचा मात्र लहानपणापासून. जमिनीवर, भिंतीवर, म्हशीच्या पाठीवर. आकार असा धरायचा की गावातली माणसं आपापली म्हैस ओळखायची. म्हणून पोळ्याला बैल रंगवायचं काम त्याच्याकडे आलं. आई शेजारी उभी असली की सगळं ठीक व्हायचं. एका वर्षी ती आजारी पडून घरात होती. मामानं आबांच्या बैलाचं एक शिंग एका डब्यातून रंगवलं, तो डबा संपला म्हणून दुसरं दुसऱ्या डब्यातून. मिरवणुकीत आबांचा बैल एक शिंग लाल आणि एक शिंग हिरवं घेऊन निघाला. आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता म्हणतात. पण लोकांना वाटलं ही नवी तऱ्हा आहे. पुढच्या पोळ्याला गावातल्या निम्म्या बैलांची शिंगं दोन रंगांची होती, आणि मामाला त्यात काय विशेष आहे ते कळत नव्हतं.

हे असं निभत होतं. पुढे आबांनी त्याला एसटीत ड्रायव्हर म्हणून चिकटवायचं ठरवलं. गाडी त्याला चांगली यायची. डोळे तपासायला आबा स्वतः त्याला घेऊन जालन्याला गेले. डॉक्टरनं ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक उघडलं आणि कोणता आकडा दिसतो ते विचारलं. मामाला एकाही पानावर आकडा दिसेना. शेजारी बसलेल्या आबांना सगळे दिसत होते. डॉक्टर भला माणूस होता. पोराचा चेहरा पडलेला बघून त्यानं विचारलं, एरवी काय करतोस? मामा म्हणाला, चित्रं काढतो. डॉक्टरला हसू आवरलं नाही.

आबांना पोराच्या डोळ्यांपेक्षा त्या हसण्याचं लागलं होतं, असं आई म्हणते. घरी आल्यावर त्यांनी मामाचे डबे आणि ब्रश गोळा केले, पोत्यात भरले आणि गावच्या शाळेत नेऊन दिले. परत येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्याला रंग दिसत न्हाईत, त्यानं चितरं काढू नये. आजपासून बंद."

आई तेव्हा माहेरपणाला आली होती. मी तिच्या कडेवर होते. ती पुढे होऊन म्हणाली, "आबा, मला ठावं व्हतं."

"मंग बोलली कामून न्हाई?"

"त्यानं नको म्हन्लं व्हतं."

आबा उठून गोठ्याकडे गेले. आई सासरी परत निघाली तेव्हा मामा तिच्याबरोबर निघाला. त्याला कोणी जा म्हणालं नाही आणि थांब म्हणालं नाही.

आमचं घर वडीगोद्रीला, रस्त्याच्या कडेला. पुढच्या बाजूला माझ्या वडिलांचं मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं, म्हणजे विहिरीवरच्या मोटारी. वडिलांनी मेहुण्याला काही विचारलं नाही, नुसतं दुकानाची पाटी रंगवून दे म्हणाले, आणि स्वतः जाऊन दोनच रंग आणले: पांढरा आणि काळा. ती पाटी बघायला माणसं थांबायला लागली. मग चहाचं हॉटेल, पंक्चरवाला, पिठाची गिरणी, सगळ्यांना काळ्या-पांढऱ्या पाट्या हव्या झाल्या. मामाचा जीव 'ळ' या अक्षरावर होता. तो म्हणायचा, पाटी रंगवणाऱ्याची परीक्षा 'ळ' मध्ये होते. दोन्ही पोटं सारखी फुगली पाहिजेत आणि तरी अक्षर झोपाळलेलं दिसता कामा नये. 'रसवंती' लिहायला सांगणाऱ्या गुऱ्हाळवाल्याला त्यानं 'गुऱ्हाळ' असंच लिहू या म्हणून गळ घातली होती, ती केवळ एका 'ळ' साठी.

माझं लहानपण त्याच पाट्यांखाली गेलं. मामा कधी कोणाला रंग विचारायचा नाही. तो विचारायचा, "हे कशासारखं हाय?" एकदा मी नवा फ्रॉक घालून त्याच्यासमोर उभी राहिले. त्यानं विचारलं, हा कशासारखा? मी म्हणाले, पोपटासारखा. तो म्हणाला, पोपट मला मातीसारखा दिसतो, दुसरं सांग. मी पुष्कळ विचार केला आणि म्हणाले, आंबट. मामानं ब्रश खाली ठेवला, डोळे मिटले, आणि तोंडात खरंच कैरी असल्यासारखा चेहरा करून म्हणाला, आता बराबर दिसला. तेव्हापासून आमच्या घरात रंग जिभेवर आले. माझ्या लग्नात तो येऊ शकला नाही, त्यानं फोनवर आईला विचारलं की पोरीचा शालू कसा आहे. आई जराही न अडखळता म्हणाली, फोडणी ओतल्यावर वरणावर जे तरंगतं ना, तसा.

आसामात तो गेला कसा, याचं उत्तर एवढंच आहे की तो एका ट्रकमागे लिहायला गेला आणि ट्रक त्यालाच घेऊन निघून गेला. बियाणं भरून तो ट्रक जालन्यामार्गे गुवाहाटीकडे निघाला होता. ड्रायव्हर आमच्या इथं चहाला थांबला, पाट्या बघितल्या, ट्रकच्या पाठीमागे आपल्या मुलीचं नाव लिहून घेतलं. ते त्याला इतकं आवडलं की तो म्हणाला, चल, आमच्याकडची नदी दाखवतो. मामा आईला म्हणाला, नदी बघून येतो. आईनं भाकरी बांधून दिल्या.

नदीनंच त्याला अडवलं. पुरानं रस्ता बंद झाला आणि ट्रकवाल्यांना एका शाळेच्या व्हरांड्यात थांबावं लागलं. रिकामं बसवत नाही म्हणून मामानं चुलीतला कोळसा घेतला आणि व्हरांड्याच्या भिंतीवर आमच्या गावचा पोळा काढला. बैल, माणसं, वेशीवरचं तोरण, सगळं काळ्या रेघांत. खाली स्वतःचं नाव लिहायच्या ऐवजी त्यानं 'जाफराबाद' लिहिलं. हेडमास्तर आले. मामाला वाटलं भिंत पुसायला लावतील. त्यांनी समोरची भिंत दाखवली आणि विचारलं, ही कधी करणार, जाफराबादबाबू?

तेच नाव पडलं. पूर ओसरला, पण मामा तिथंच चित्रकला शिकवायला राहिला. शाळेतली मुलं त्याला जाफराबाद सर म्हणायला लागली, मग दुकानदार म्हणायला लागले, मग गाव. आजही त्याच्या चित्राखाली त्याचं नाव नसतं, गावाचं असतं. मी एकदा विचारलं की लोकांची चूक कधी दुरुस्त का केली नाही. तो म्हणाला, दुरुस्त कशाला करायची? रोज कोणी ना कोणी आपल्या गावचं नाव मोठ्यानं घेतं, घरी बसल्या ऐकू येतं.

मामी तिथलीच, त्याच शाळेत विणकाम शिकवायची. तिला मराठी येतं, आणि चांगलं येतं, पण ते तिनं जगात एकाच माणसाकडून ऐकलेलं आहे. त्यामुळे मामी आमच्या जाफराबादच्या बोलीत बोलते आणि पुरुषासारखी बोलते. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मामा तिला पहिल्यांदा गावी घेऊन आला, तेव्हा ती अंगणात उभी राहून म्हणाली, "आबा, मी आलो." सगळे तिच्या मागे बघायला लागले. तेव्हा माहेरी आलेल्या आईनं तिला बाजूला घेऊन सांगितलं, बायकांनी 'आले' म्हणायचं असतं. मामीनं शांतपणे उत्तर दिलं की तो जसं म्हणतो तसंच मी म्हणतो. पुढे आईनं नाद सोडला.

एवढ्या वर्षांत आबा मामाशी फोनवर बोलले नव्हते. आई माहेरी असताना फोन आला की ते तिच्या जवळ येऊन उभे राहायचे आणि भिंतीकडे बघत म्हणायचे, "त्याला विचार, तिकडं भाकर मिळती का." मामा समोर आल्यावरही तसंच चाललं. दोघं एका ताटलीतला गूळ खायचे, पावसापाण्याचं बोलायचे, आणि मधली सगळी वर्षं जागच्या जागी राहायची.

ती हलवली मामीनं. आमच्याकडे सासऱ्याशी कसं बोलायचं हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. एका सकाळी आबा ओट्यावर उन्हाला बसले होते. मामी त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "आबा, तुम्ही याला चितरं काढू नको म्हन्ले व्हते का?"

माझ्या आईच्या हातातलं सूप थांबलं. आबा म्हणाले, "म्हन्लो व्हतो."

"मंग आता तुमचं काढू द्या. मी सांगून राह्यलो. हलू नका."

आणि आबा हलले नाहीत. दिवसा एका जागी न टेकणारा तो माणूस रोज सकाळी ऊन ओट्यावर आलं की गडद लाल पटका बांधून येऊन बसायचा. मामा समोर मांडीवर लाकूड घेऊन कोरायचा. लाकडाचे बारीक छिलके आबांच्या धोतरावर उडायचे, ते आबा झटकत नव्हते. काम पुरं झालं तेव्हा मामानं चमचा घासून कागद उचलला आणि आबांच्या हातात दिला.

आबांनी तो लांब धरला, जवळ धरला. म्हणाले, "पटका काळा केला तू."

"मला तो तसाच दिसतो, आबा."

आबा पुन्हा बघत राहिले. मग हळू विचारलं, "म्हंजी ल्हानपणापासून मी तुला असाच दिसत आलो?"

"व्हय."

"बरा दिसतो की," आबा म्हणाले. कागदावरून नजर न काढता त्यांनी विचारलं, "आन् मिरच्या?" मामा हसला. म्हणाला, "मिरच्या दिसतच नव्हत्या, आबा. नुसती पानं दिसायची." आबांनी कागद बाजूला ठेवला आणि पोराच्या पाठीवर हात ठेवला. ज्या पाठीत धपाटे घातले होते तिथंच, असं आई सांगते.

आबा त्यानंतर फार वर्षं राहिले नाहीत. भिंतीवर हार घालायला घरच्यांनी फोटो काढला नाही, तेच चित्र लावलं.

यंदा मामाचं हृदयाचं ऑपरेशन झालं. ते नीट पार पडलं, पण डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. तो फोनवर हसून म्हणाला, आता गाव माझ्या नावातच उरलं. हिवाळ्यात आई नेहमीसारखी शेतात गेली, कणीस चोळलं, दाणा दाताखाली धरला. घरी आली आणि म्हणाली, "फोन नको लावू. आपुन जाऊ."

तिचे गुडघे गेलेले आहेत. घरापासून फार लांब ती कधी गेलेली नाही. वडील गेल्यापासून तर अंबडच्या बाजारालासुद्धा कोणाला तरी पाठवते. मी जालन्याला नोकरी करते, हुरड्याच्या दिवसांत तेवढी आईकडे येते; मी रजा वाढवली आणि तिकिटं काढली. आईनं हुरड्याची कणसं ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घेतली. विमानतळावर तपासणीच्या पोरीनं ती पिशवी उघडली आणि हे काय आहे विचारलं. आईनं तिला एक कणीस काढून दिलं आणि चोळून खायला सांगितलं. विमानात बसल्यावर तिनं खिडकीतून पाहिलंच नाही. डोळे मिटून माझा हात घट्ट धरून बसली. मला वाटलं भ्यायली आहे. उतरताना म्हणाली, "तो ट्रकमध्ये बसून गेल्ता तवा मी त्याला वाटेला लावायलाबी आल्ते न्हाई. भाकरी दिल्या आन् चुलीकडं वळले."

मामा फाटकात उभा होता. वाळलेला, शर्टाच्या आत पोकळी दिसावी असा. आईनं त्याला विचारलं की शर्टाची गुंडी का तुटली आहे, आणि त्यानं तिला विचारलं की चालताना लंगडते का. नमस्कार वगैरे झालाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर आम्ही नदीवर गेलो. हिवाळ्यात तिथं पाणी लांब जातं आणि वाळूचं मोठं मैदान उघडं पडतं. दोघं वाळूत बसली आणि भांडायला लागली. जाफराबादचं जुनं घर कधीच पडलं, त्या जागेवर आता दुकानं आहेत. पण मामा म्हणत होता की धान्याची कणगी चुलीच्या उजव्या अंगाला होती आणि आई म्हणत होती डाव्या. हे भांडण मिटवू शकेल असं दुसरं माणूस आता जिवंत नाही. मामानं बांबूची एक काडी उचलली आणि वाळूत घर काढायला लागला. आईनं ते हातानं पुसून टाकलं. म्हणाली, सगळं चूक आहे. मामानं काडी तिच्यासमोर धरली.

"मला कुठं येतंय चितर," आई म्हणाली.

त्यानं काडी तिच्या बोटांत दिली आणि मागे सरकून बसला. आईनं आयुष्यात पहिल्यांदा चित्र काढलं. गुडघ्यावर रेटत, थांबत, आठवत. पडवी, चूल, चुलीच्या डाव्या अंगाला कणगी, आबांची बाज, तिची आणि मामाची अंथरुणं शेजारी शेजारी, मागं गोठा. भिंती तिनं खोल ओढल्या, वाळू दोन्ही बाजूंना उठेल अशा. मामा एकेक रेघ बघत होता. आयुष्यभर पोरांची चित्रं तपासलेला माणूस, तो एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाला, "अक्का, दार न्हाई काढलं."

पुढच्या भिंतीत एक जागा कोरी राहिली होती. आईनं तिकडे पाहिलं.

"उघडं हाय की," ती म्हणाली. "उघडं दार काय काढायचं."

मामा उठला, चपला बाहेर काढून ठेवल्या, त्या कोऱ्या जागेतून आत गेला आणि चुलीजवळ बसला. आईनं काडी टाकली आणि तीही गुडघे सांभाळत आत जाऊन बसली. वरून घराकडून मामी चहाची किटली घेऊन येत होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. वाळूतल्या रेघांजवळ ती थांबली, दोघांकडे पाहिलं, आणि भिंतीवर पाय न देता वळसा घालून दारातून आत आली.